साडेतीनला दिवेआगर सोडायचं

पत्र: आम्ही कोथरूडला राहतो. मी, हे, ११ आणि ७ वर्षांची दोन मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सलग रजा मिळत नाही, म्हणून जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी एका दिवसात समुद्राकाठची सहल करायची आहे. बेत असा: आधी अलिबाग, मग काशीद, जंजिरा, जेट्टीवरून गाडी पलीकडे नेऊन दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि ताम्हिणी घाटातून परत. दिवेआगरजवळ नकाशात वेळास दिसतं, तिथली कासवंही मुलांना दाखवता येतील. मोबाइल सगळं मिळून तेरा तास दाखवतो. पहाटे चारला निघालो तर थांबायला चार-पाच तास उरतात. गाडी सीएनजीची हॅचबॅक आहे. चालवणार मी एकटीच. ह्यांच्याकडे लायसन्स आहे, पण घाटात हात बसलेला नाही. धाकट्याला गाडी लागते. जमेल ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर: हा बेत जमणार नाही. त्यातला एक तुकडा मात्र छान जमेल, आणि खरं म्हणजे तुम्हाला हवाय तोही तोच असावा: श्रीवर्धन ते दिवेआगर हा समुद्राला लागून जाणारा वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता. बाकीचं सगळं त्या रस्त्यापर्यंत जाणं आणि तिथून परत येणं आहे.

मोबाइलचे तेरा तास म्हणजे फक्त चाकं फिरण्याचे तास. आपल्या किनाऱ्याला दर थोड्या अंतरावर खाडी आत शिरलेली आहे, त्यामुळे नकाशात शेजारी दिसणारी गावं रस्त्याने शेजारी नसतात. मुरूडकडून दिवेआगरला यायचं तर आगरदांडा ते दिघी ही फेरी घ्यावी लागते. शनिवार-रविवारी आधी रांग, मग पुढच्या फेरीची वाट, असा तास सहज जातो. जंजिऱ्याला राजापुरीच्या जेट्टीवरून होडी, होडी भरेपर्यंत थांबणं, किल्ला बघणं आणि परतीची होडी. यात अर्धा दिवस संपतो. शिवाय होडीतून किल्ल्याच्या पायरीवर पाय टाकणं हे दुखऱ्या गुडघ्यांचं काम नाही. अलिबाग-मुरूड ही वेगळ्या दिवसाची, वेगळी सहल आहे.

कासवांचं वेळास हे नव्हेच. कासव महोत्सव होतो ते वेळास बाणकोटच्या खाडीपलीकडे, मंडणगड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्यात. दिवेआगरच्या बाजूला दिसतं ते रायगड जिल्ह्यातलं त्याच नावाचं गाव. शिवाय पिल्लं समुद्रात सोडतात ती साधारण फेब्रुवारीपासून पुढे, सकाळी लवकर आणि संध्याकाळी. त्यासाठी तिथे मुक्कामच करावा लागतो.

आणि हरिहरेश्वर. देवदर्शनाला हरकत नाही, पण तुम्ही प्रदक्षिणा म्हणता आहात. ती वाट देवळामागच्या टेकडीवर चढते, मग कातळातल्या अरुंद फटीतून उंच पायऱ्यांनी खाली उतरते आणि समुद्राच्या काठच्या खडकावरून फिरते. खडक ओहोटीलाच उघडा असतो आणि शेवाळाने निसरडा असतो. सासूबाईंना वर बसवून बाकीच्यांनी जायचं म्हटलं तरी श्रीवर्धनहून जाऊन-येऊन अडीच-तीन तास गेले. या दिवसात ते तास नाहीत. वगळा.

आता दिवसाचा हिशोब. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि सव्वासहा-साडेसहाला मावळतो. ताम्हिणी घाट जाताना आणि येताना, दोन्ही वेळा उजेडात पार करायचा, ही एक गोष्ट पक्की धरली की बाकीचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. रात्रीच्या ताम्हिणीत दिवे नाहीत, मोबाइलला रेंज नाही, आणि पंक्चर झालं तर मदतीला येईल असं गावही जवळ नाही. एकट्या ड्रायव्हरने नऊ तास चालवून झाल्यावर अशा रस्त्यावर येऊ नये.

म्हणून चारला नव्हे, सव्वापाचला निघा. चारला निघालात तर घाटात अंधारातच पोचाल, वर धुकं. सव्वापाचला कोथरूड सोडलं की चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड हा पट्टा रिकामा मिळतो, मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या हाताला उजळायला लागतं आणि सातच्या सुमारास तुम्ही ताम्हिणी गावाशी असता. घाट उतरलात की विळे येतं. तिथे उजवीकडचा रस्ता कोलाडला जातो. तुम्हाला डावीकडे, निजामपूरमार्गे माणगावला जायचंय. सव्वाआठच्या आसपास माणगाव. इथे चाळीस मिनिटं द्या: नाश्ता, आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह, कारण घाटात सोय नाही आणि पुढेही फारशी नाही. माणगावात मुंबई-गोवा हायवे ओलांडून मोर्ब्याच्या रस्त्याला लागायचं, साई, म्हसळा, आणि म्हसळ्याहून श्रीवर्धन. सव्वादहाला समुद्र दिसतो.

आधी श्रीवर्धन का, दिवेआगर का नाही, हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण उलटं करतात. आपण डावीकडून गाडी चालवतो. श्रीवर्धनहून दिवेआगरकडे, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालं की समुद्र डाव्या हाताला, तुमच्या लेनला लागूनच असतो. डावीकडे बसलेल्यांना मध्ये काहीही न येता पाणी दिसतं, आणि थांबावंसं वाटलं तर समोरची लेन ओलांडावी लागत नाही. उलट दिशेने आलात तर समुद्र पलीकडच्या लेनच्याही पलीकडे जातो आणि प्रत्येक थांब्याला वळणावर गाडी आडवी घालावी लागते. दुसरं कारण उजेडाचं. दुपारपर्यंत सूर्य डोंगराच्या बाजूने असतो, त्यामुळे पाणी निळं-हिरवं दिसतं. दोन-अडीचनंतर तोच समुद्र पत्र्यासारखा चमकतो. डोळे दिपतात आणि फोटोत सगळी माणसं काळी येतात.

या रस्त्यावर आरावी, कोंडिवली, शेखाडी, भरडखोल अशी गावं लागतात. रस्ता कधी डोंगराच्या कुशीला वर चढतो, तेव्हा खालच्या कातळावर लाटा फुटताना दिसतात. कधी उतरून इतका पाण्याशी येतो की खिडकीतून खारं तोंडाला लागतं. बावीस किलोमीटरला न थांबता पाऊण तास पुरतो, तुम्ही पावणेदोन तास धरा. काही ठिकाणी समोरून एसटी आली तर एकाला मागे यावं लागतं, म्हणून आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा आणि थांबायचं ते जिथे रस्ता मुळातच रुंद आहे तिथेच. समुद्राकडच्या बाजूपट्टीवर डावी चाकं उतरवू नका. वरून मुरूम दिसतो, खाली भराव ढिला असतो. कोळीवाड्यांतून जाताना रस्त्याच्या कडेला बोंबील, जवळा वाळत घातलेला असतो. त्यावरून चाक गेलं तर ते कुणाच्या तरी महिन्याच्या कमाईवरून गेलेलं असतं. पहिल्या गिअरमध्ये, खिडकी उघडी ठेवून जा. वास येईल. येऊ दे.

श्रीवर्धनला सव्वादहा ते साडेअकरा. बाळाजी विश्वनाथ इथले, पेशव्यांचं स्मारक गावात आहे, लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. सासूबाईंना दोन्ही ठिकाणी फारसं चालावं लागत नाही. किनाऱ्यावर बांधलेला कठडा आहे, तिथे त्या वाळूत न उतरता बसू शकतात. जमली तर इथली रोठा सुपारी घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नव्याने लावलेली पोफळ धरायला कित्येक वर्षं घेते, त्यामुळे बागायतदाराकडची सुपारी बाजारातल्यापेक्षा महाग वाटली तर घासाघीस करू नका.

मुलांनी पाण्यात कुठे उतरायचं, श्रीवर्धनला की दिवेआगरला? दोन्हीकडे नको. एकदा भिजलं की अंग पुसणं, कपडे बदलणं, वाळू झटकणं यात चाळीस मिनिटं जातात. दोनदा भिजलं की तुमचा घाटातला उजेड गेला. कुठे ते कालनिर्णय बघून ठरवा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण होते, आणि सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो. शुक्ल असो की वद्य, गणित एकच.

समजा दशमी आहे. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरती, पावणेदोनच्या सुमारास ओहोटी पूर्ण. म्हणजे तुम्ही श्रीवर्धनला असाल तेव्हा पाणी बाहेर जात असेल आणि दिवेआगरला अडीचला ते आत यायला लागलेलं असेल. त्या दिवशी दिवेआगरला उतरा. चतुर्थी असेल तर तीनची भरती, ओहोटी सकाळी नऊला. मग श्रीवर्धनलाच उतरा, कारण सव्वादहाला पाणी परत यायला लागलेलं असतं. नियम एवढाच की पाणी येत असताना उतरायचं, जात असताना नाही. ओहोटीची ओढ पायाखालची वाळू काढून नेते आणि सात वर्षांच्या मुलाला गुडघाभर पाण्यातही उभं राहू देत नाही. येत्या पाण्यातही मुलांनी गुडघ्यापर्यंतच, आणि मोठं माणूस त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा शनिवार टाळा. तेव्हा उधाणाची भरती असते, साधारण अकरा-बाराला पाणी पार वर येतं, वाळूची पट्टी अरुंद होते आणि नंतर ते तितक्याच जोराने परत फिरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी असतं, सौम्य; फार आत येत नाही, फार बाहेरही जात नाही. लहान मुलांसाठी अष्टमी ते एकादशीमधला शनिवार सगळ्यात बरा.

गाडी वाळूवर नेऊ नका. दिवेआगरची ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते, म्हणून लोकांचा धीर चेपतो. गाडी थांबली की चाकाखालची वाळू पाणी सोडते आणि चाकं बसतात; मग ॲक्सिलरेटर दाबला की चाक स्वतःचा खड्डा स्वतः खणतं. तेवढ्यात भरती. सुक्या वाळूत रुतलात तर गाडी रेटू नका: चाकांपुढची वाळू हाताने काढा, पायपुसण्या चाकांखाली सारा, पुढच्या चाकांची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा. नंतर पंप शोधून हवा भरल्याशिवाय घाटाकडे वळायचं नाही. हे सगळं करण्यापेक्षा गाडी रस्त्यावर लावून शंभर पावलं चालणं परवडतं.

जेवण दिवेआगरला, सव्वाला. इथे घरगुती खानावळी आहेत. कुणी मोठं भांडं चढवून गिऱ्हाइकाची वाट बघत नाही; किती पानं ते कळलं की तांदूळ वैरतात. म्हणून आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगा, आणि शाकाहारी की मासे तेही. उकडीचे मोदक हवे असतील तर ते आदल्या दिवशीच सांगावे लागतात. सकाळी माणगावातून पुन्हा एक फोन करा, पुढे रेंजचा भरवसा नाही. रोख पैसेही जवळ असू द्या, त्याच कारणाने. पोचल्यावर न सांगता बसलात तर तास जाईल आणि मिळेल ते जेवाल.

चालवणाऱ्या व्यक्तीने, म्हणजे तुम्ही, मोदक एकच खायचा आणि भात बेताचा. कठोर वाटेल, पण साडेचारच्या उन्हात म्हसळ्याच्या वळणांवर डोळा लागतो तो त्या भातानेच. उरलेले मोदक डब्यात घ्या. जेवणानंतर वीस मिनिटं पडवीत आडव्या व्हा. तेवढ्यात हे मुलांना आणि सासूबाईंना सुवर्णगणेशाच्या देवळात नेतील. १९९७ मध्ये पोफळीच्या बागेत तांब्याच्या पेटीत सापडलेला तो सोन्याचा मुखवटा २०१२ मध्ये चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा बसवला, ही गोष्ट अकरा वर्षांच्या मुलाला समुद्रापेक्षा जास्त आवडण्याची शक्यता आहे. जवळच्या रूपनारायणाच्या देवळातली विष्णूची मूर्तीही चुकवू नये. शिलाहारकालीन आहे, आणि प्रभावळीत दशावतार कोरलेत. मुलांना ते मोजायला सांगा.

साडेतीनला गाडी सुरू. सूर्यास्त बघून निघूया, असं घरातलं कुणीतरी नक्की म्हणेल. त्याचा भाव सांगून टाका: किनाऱ्यावर सूर्यास्त म्हणजे रात्रीचा घाट आणि घरी पोचायला अकरा. साडेतीनला बोर्ली पंचतनवरून म्हसळा, पाचच्या आत माणगाव, वीस मिनिटं चहा. माणगाव ते विळे हा सोपा रस्ता ह्यांना चालवू द्या, तुम्ही मागे डोळे मिटा. विळ्याला सीट बदला. साडेसहाच्या आत घाटमाथा, आठ-साडेआठला घर. वाटेत पिरंगुट ते भूगाव अडकाल, ते गृहीत धरा. त्या पट्ट्यात मंगल कार्यालयं रांगेने आहेत, आणि लग्नतिथीच्या शनिवारी वऱ्हाडाच्या गाड्या निम्मा रस्ता अडवतात. कालनिर्णय उघडलंच आहे तर मुहूर्तही बघून घ्या.

उशीर झाला तर काय कापायचं हे आधीच ठरवा, गाडीत भांडत बसू नका. माणगावातून निघायला साडेनऊ वाजले तर श्रीवर्धन रद्द: म्हसळ्याहून थेट दिवेआगर, आणि जेवणाआधी भरडखोल-शेखाडीपर्यंत जाऊन परत. परतीला माणगाव सोडायला सहा वाजले तर ताम्हिणी रद्द: हायवेने कोलाड, वाकण, तिथून पाली, खोपोली आणि एक्स्प्रेस वे. साठेक किलोमीटर जास्त पडतात, पण वाटेवर वस्ती आहे, पंप आहेत.

गाडीचं. एकूण साडेतीनशे किलोमीटर धरा. तुमच्या सीएनजीच्या टाकीत आठ-नऊ किलो गॅस मावतो, घाट आणि पाच माणसं धरून दोनशे किलोमीटरला पुरेल. उरलेल्या दीडशेला नऊ-दहा लिटर पेट्रोल लागतं. आदल्या रात्री सीएनजी भरा आणि पंधरा लिटर पेट्रोल टाका, म्हणजे वाटेत गॅसच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. येताना विळ्यापासून घाटमाथ्यापर्यंत पेट्रोलवर चढवा. गॅसवर इंजिनाची ताकद कमी पडते आणि भरलेली गाडी वळणावर पहिल्या गिअरला येते. सिलिंडरमुळे डिकी लहान, म्हणून स्टेपनी कुठे आहे आणि सामान न उपसता निघते का, ते घरीच एकदा काढून बघा. तिची हवाही तपासा. जॅक आणि पाना आहे ना?

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसऱ्या-तिसऱ्यात. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पॅडल दाबूनही गाडी पहिल्यासारखी धरत नाही. असं झालं तर रुंद जागी वीस मिनिटं थांबा, चाकावर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होते. धुक्यात लो बीम, हाय बीम नाही: धुकं तो उजेड तुमच्याच डोळ्यांत परत फेकतं.

धाकट्याचं. पहाटे दूध देऊ नका, कोरडी पोळी किंवा दोन बिस्किटं पुरे. मागे मधोमध बसवा, समोरचा रस्ता दिसेल इतक्या उंचीवर, खाली उशी देऊन. पट्टा मात्र नीट बसला पाहिजे, मांडीवरून आणि खांद्यावरून. घाटात मोबाइल आणि चित्रांची पुस्तकं बंद. आलेपाकाची वडी काहींना चालते. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि घाटाच्या तासभर आधी, म्हणजे घरून निघतानाच. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते. सासूबाईंना पुढची सीट, ती पूर्ण मागे सरकवून, आणि मुळशी, माणगाव, श्रीवर्धन असं प्रत्येक थांब्याला पाच मिनिटं उभं करून चालवा. दोन जुने टॉवेल, प्लॅस्टिकच्या चार जाड पिशव्या आणि पाय धुवायला पाच लिटरचा पाण्याचा कॅन सीटखाली ठेवा. पिशव्या धाकट्याच्या हाताला लागतील अशा.